नवीन अर्ज बंद आहेत

मावशींचा अंगठा लागत नाही.

कियोस्कवाला मुलगा यंत्राची काच बाहीनं पुसतो आणि मावशींचा हात धरून अंगठा पुन्हा काचेवर टेकवतो. पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं. मावशी पदराला अंगठा पुसतात, त्याच्यावर फुंकर घालतात, पुन्हा ठेवतात. चाळीस वर्षं भांडी घासलेला अंगठा आहे हा. आधी राखेनं, मग साबणानं. त्याच्यावरच्या रेघा मला जवळून बघूनही नीट दिसत नाहीत, तर यंत्राला कुठून दिसाव्यात?

"अम्मा, बीच वाली उंगली लगाओ," मुलगा म्हणतो.

मधलं बोट लागतं. मावशी श्वास सोडतात. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाई मान पुढे काढून विचारतात, "आये क्या, भिया?"

"आ गए. पंद्रह सौ."

तो आकडा रांगेतून मागे मागे सरकत जातो. पंद्रह सौ. पंद्रह सौ. गेल्या महिन्यापर्यंत तो साडेबाराशे होता.

आज 13 नोव्हेंबर 2025. काल सिवनीच्या कार्यक्रमातून मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांनी लाडली बहना योजनेचा वाढीव हप्ता राज्यातल्या सव्वा कोटीहून जास्त बायकांच्या खात्यांत सोडला. एका दिवसात अठराशे कोटींच्या वर रुपये. त्यातले दीड हजार या क्षणी इंदूरच्या पाटणीपुऱ्यातल्या एका गल्लीत, दहा बाय आठच्या दुकानात, मावशींच्या हातात पडताहेत. पाचशेच्या तीन नोटा. मावशी त्या उजेडाकडे धरून बघतात, दुमडतात आणि रुमालाच्या गाठीत बांधतात.

मावशी आमच्याकडे अकरा वर्षं काम करतात. मूळच्या बुऱ्हाणपूरकडच्या, म्हणून आमच्याशी मराठीतच बोलतात आणि 'हो'ला 'हाव' म्हणतात. मी देवी अहिल्या विश्वविद्यालयात अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सरकारची ऐपत आणि थेट खात्यात जाणारे पैसे हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. दोन महिने मी अर्थसंकल्पाची पुस्तकं वाचते आहे. परवा मावशी म्हणाल्या, "ताई, कागदात काय बघता, माझ्यासंगं चला." म्हणून आज आले आहे.

सकाळचे साडेदहा झालेत. गल्लीच्या एका बाजूला कोवळं ऊन, दुसऱ्या बाजूला रांग. तीस-पस्तीस बायका असतील. कोपऱ्यावर पोह्यांची गाडी आहे, वाफेबरोबर जीरावनचा वास येतो. रांगेतली एकही बाई तिकडे वळत नाही. बहुतेकींना इथून कामावर जायचं आहे आणि प्रत्येकीचा एक डोळा मोबाइलवरच्या घड्याळाकडे आहे. काहींच्या हातात पासबुक, काहींच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि समग्र आयडीची, म्हणजे राज्याच्या ओळख क्रमांकाची झेरॉक्स.

मी येताना मनाशी एक प्रश्न घेऊन आले होते: राज्याला हे परवडतं का? मार्चमध्ये अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी मांडलेला 2025-26चा अर्थसंकल्प 4,21,032 कोटींचा होता आणि त्यात या एका योजनेसाठी 18,669 कोटी ठेवले होते. म्हणजे शंभर रुपयांतले जवळजवळ साडेचार. राज्याचं कर्ज चार लाख कोटींच्या पुढे गेलं आहे. राज्यं आपले रोखे विकायला काढतात तो रिझर्व्ह बँकेतला लिलाव बहुतेक मंगळवारी असतो, आणि मध्य प्रदेशचं नाव त्या यादीत वारंवार दिसतं. वर्गात या विषयावर बोलणं निघालं की दोन तट पडतात. एक म्हणतो, ही उधळपट्टी आहे. दुसरा म्हणतो, गरिबाच्या हातात पैसा देणं हीच खरी गुंतवणूक. मी दोन्हीकडून बोलून झाले आहे. दोन्ही वेळा मला टाळ्या मिळाल्या आहेत आणि दोन्ही वेळा घरी येताना आपलं काहीतरी निसटलं असं वाटलं आहे.

ते काय होतं, ते पुढच्या पाच मिनिटांत माझ्यासमोर येतं.

मावशी खिडकीपासून बाजूला होत नाहीत. त्या मागे वळून हाक मारतात, "ये गं, पुढं ये." त्यांची सून पुढे येते. बावीस वर्षांची, मे महिन्यात लग्न होऊन सेंधव्याकडून आलेली. हातात नवी निळी फाइल. तिच्यात आधार, समग्र आयडी, बँकेचं पासबुक, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दोन फोटो. सगळं क्रमानं लावलेलं. कुणीतरी बसून तिला ते लावून दिलेलं नाही, तिनंच लावलं आहे. बारावी झालेली मुलगी आहे.

"भैया, मेरा नाम जुड़वाना है," ती म्हणते.

मुलगा फाइलकडे बघतही नाही. त्याला हे वाक्य रोज ऐकावं लागत असणार. "भाभी, नए फॉर्म बंद हैं."

"कब चालू होंगे?"

"तेईस से बंद हैं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो आवाज खाली आणतो. "पोर्टल खुलेगा तो बता देंगे. नंबर लिखवा दो."

तो एक वही पुढे करतो. शाळेची, चारशे पानी. तिच्यात नावं आणि मोबाइल नंबर. पानंच्या पानं भरलेली. सून आपलं नाव लिहिते, नंबर लिहिते, फाइल छातीशी धरून मागे सरकते. मी त्या वहीकडे बघत राहते. ही वही कुठल्याही सरकारी दप्तरात नाही. हिची बेरीज कुठल्याही अहवालात येणार नाही.

या योजनेची नोंदणी दोनदाच झाली. 2023च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये. 10 जून 2023 रोजी पहिला हप्ता गेला तेव्हा तो हजाराचा होता. ऑक्टोबर 2023मध्ये तो साडेबाराशे झाला, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर दार उघडलेलं नाही. नोंदणी चालू होती तेव्हा मावशींची सून वीस वर्षांची होती आणि लग्न व्हायचं होतं. योजना एकवीस ते साठ वयाच्या विवाहित, विधवा, परित्यक्ता आणि घटस्फोटित बायकांसाठी आहे. आज ही मुलगी प्रत्येक अटीत बसते. वय बसतं, उत्पन्न बसतं, घरात गाडी नाही, कुणी आयकर भरत नाही. तिची चूक एवढीच की तिचं एकविसावं वर्ष उशिरा आलं.

आम्ही वर्गात 'वित्तीय मर्यादा' हा शब्द इतक्या वेळा वापरतो की तो एखाद्या आलेखावरची तुटक रेघ वाटायला लागतो. आज ती मर्यादा माझ्यासमोर निळी फाइल घेऊन उभी आहे. आमच्याकडे पैसे कमी आहेत, असं सरकारनं जाहीर केलेलं मी ऐकलेलं नाही. कुठल्या भाषणातही नाही. पैसे कमी पडले तेव्हा एक पोर्टल उघडायचं राहिलं, एवढंच झालं. ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना कळलंही नाही, आणि ज्यांची नाहीत त्यांचा आवाज कुठे पोहोचत नाही.

शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही तिघी बसतो. मावशी पिशवीतून पाण्याची बाटली काढतात, आधी सुनेला देतात. मी वही उघडते आणि एक हिशेब मांडते. तो मी आधीच मांडायला हवा होता.

या महिन्यापासून प्रत्येकीला अडीचशे रुपये वाढले. वर्षाचे तीन हजार. सव्वा कोटी बायका धरल्या तर वर्षाला 3,750 कोटी. हे पैसे राज्यानं काढले, कुठून का होईना काढले. म्हणजे ते काढता येत होते. आता तेच 3,750 कोटी वाढीसाठी न वापरता जुन्याच दरानं, म्हणजे महिना साडेबाराशेनं, नव्या बायकांना दिले असते तर? एका बाईला वर्षाचे पंधरा हजार. भागाकार करते. पंचवीस लाख.

पुन्हा करते. पंचवीस लाखच येतात.

जेवढ्या पैशात आत असलेल्यांचा हप्ता वाढला, तेवढ्यातच बाहेर उभ्या असलेल्या पंचवीस लाख बायकांना आत घेता आलं असतं. अशा बायका पंचवीस लाख आहेत की पाच, हे कुणी मोजलेलं नाही. पण पंचवीस लाखांपर्यंत कितीही असल्या तरी पैसा पुरला असता, एवढं तरी वहीतलं गणित सांगतं.

हे मी मावशींना सांगते. सांगताना मला वाटतं की आपण काहीतरी शोधून काढलं आहे. मावशी शांतपणे ऐकतात. मग विचारतात, "म्हणजे ताई, माझे अडीचशे काढून हिला द्यायचे?"

मला उत्तर देता येत नाही.

"नाही, म्हंजे द्या की," त्या म्हणतात. "घरात तर यायचेच हायेत. पण जिच्या घरात सून नाही तिचे काढले तर ती काय म्हणल?" त्या रुमालाच्या गाठीवर हात ठेवतात. "हे अडीचशे वाढले तर यांची शुगरची गोळी महिनाभर सलग होईल. आत्तापर्यंत वीस दिवसांची आणत होतो. उरलेले दहा दिवस तसेच काढायचे."

'यांची' म्हणजे मावशींच्या यजमानांची. ते हुकुमचंद मिलमध्ये होते. ती मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांची देणी मिळायला 25 डिसेंबर 2023 उजाडावा लागला. त्या दिवशी 4,800 कामगारांच्या 224 कोटींचा धनादेश निघाला. बत्तीस वर्षं. मधल्या काळात ते हातगाडीवर केळी विकत, मग गुडघे गेले, आता घरी असतात. त्यांना वृद्धापकाळाची पेन्शन मिळते: महिन्याला सहाशे रुपये.

सहाशे हा शब्द उच्चारल्यावर मावशी एकदम गप्प होतात. मग बोटं मोजतात. "मला मार्चमधी साठ लागतील ना ताई?"

आधार कार्डावरची तारीख मी बघते. हो. 2026च्या मार्चमध्ये.

साठ पूर्ण झाले की लाडली बहनाच्या यादीतून नाव आपोआप गळतं. कुणाची तक्रार नसते, कुणाचा आदेश लागत नाही, संगणक वय मोजतो आणि नाव काढतो. त्यानंतर उरते ती पेन्शन, तीसुद्धा अर्ज करून मंजूर झाली तर. म्हणजे एकोणसाठाव्या वर्षी पंधराशे आणि साठाव्या वर्षी सहाशे. ज्या वयात काम सुटतं आणि औषधं सुरू होतात, त्याच वयात हातातली रक्कम निम्म्याहून खाली येते. मी ही योजना दोन महिने वाचते आहे. वयाची अट मला तोंडपाठ होती. पेन्शनचा आकडाही माहीत होता. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर होते. ते एकाच बाईच्या आयुष्यात एकापाठोपाठ एक येतात, हे मला आज पायरीवर बसून कळतं आहे.

"चला," मावशी उठतात. "तुमच्याकडची भांडी राहिलीत."

सून आपल्या घरी जाते. आम्ही दोघी सिटी बसनं निघतो. राजवाड्यापाशी बस अडकते. सातमजली दरवाजा, समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा हार घातलेला पुतळा. यंदा त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, त्यानिमित्त 20 मे रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक इथे राजवाड्यात झाली होती. मावशी खिडकीतून हात जोडतात.

घरी आजोबा वाट बघत असतात. कोषागारात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. राज्याची रक्कम आणि घरची रक्कम त्यांनी कधी एका वहीत लिहिली नाही. मी सकाळचं सगळं सांगते. ते चष्मा काढतात आणि होळकरांवर येतात, ते येणारच.

"खासगी आणि दौलत," ते म्हणतात. "1734 साली पेशव्यांनी अहिल्याबाईंच्या सासू गौतमाबाईंच्या नावे खासगी तोडून दिली. तेव्हापासून होळकरांच्या दोन तिजोऱ्या, एक राण्यांची, एक राज्याची. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, विहिरी बांधल्या त्या खासगीतून. दौलतीचा पैसा दौलतीला. कुठला पैसा कुठून येतो हे माहीत असलेलं राज्य होतं ते."

मी म्हणते, आजोबा, आजच्या सरकारला खासगी नाही. सगळी दौलतच आहे, आणि ती आपलीच आहे.

"मान्य. पण कुठून येतो हा प्रश्न तर उरतोच की." ते थांबतात. "दुसरे तुकोजीराव बघ. 1870 साली इंग्रजांना खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी कर्ज दिलं. एकशे एक वर्षांसाठी, साडेचार टक्क्यांनी. रेल्वे शंभर वर्षं चालणार, तर कर्ज शंभर वर्षांचं. त्यात चूक काही नाही."

ही गोष्ट मला आमच्या पुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा नीट समजते. आजचं उदाहरणही घरचंच आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणावं लागतं. 1970 साली हे पाणी मागण्यासाठी अख्खं शहर रस्त्यावर आलं होतं आणि 1978मध्ये ते आलं. ते वर चढवण्याचं विजेचं बिल नगर निगमला तेव्हापासून जड जातं आहे. म्हणून 2023च्या फेब्रुवारीत निगमनं 244 कोटींचे हरित रोखे काढले आणि त्या पैशातून जलूदला साठ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायला घेतला. कर्ज काढलं, पण बिल कमी करण्यासाठी काढलं. असं कर्ज स्वतःला फेडू शकतं. मावशींच्या यजमानांची गोळी कर्जातून आणली तर गोळी तीस दिवसांत संपते आणि व्याज वीस वर्षं चालतं. म्हणून ती गोळी आणायची नाही असं नव्हे. ती कररूपानं आलेल्या पैशातून आणायची. महिन्याचा खर्च महिन्याच्या कमाईतून.

पण कुणाच्या कमाईतून? इथे मला महाराष्ट्राकडे बघावंसं वाटतं, आणि तेही आजच्या नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या.

आजच्या महाराष्ट्रानं तर आमचीच योजना उचलली. जुलै 2024मध्ये लाडकी बहीण सुरू झाली, पहिल्यापासून पंधराशेची. 2025-26साठी तिच्यावर 36,000 कोटी ठेवले आहेत. पुण्याला माझ्या मामीच्या ओळखीच्या बायका सध्या ई-केवायसीच्या रांगेत आहेत. आधी भरभरून घ्यायचं आणि मग चाळणी लावायची, हे तिकडे चाललं आहे. इकडे चाळणी दारालाच आहे.

पन्नास वर्षांपूर्वी मात्र तिथे वेगळं घडलं होतं. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला 1965मध्ये त्यांनी ती करून पाहिली, 1972च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली, 1977मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. हमी होती ती. कुणाचं नाव यादीत आहे का, हा प्रश्नच नव्हता. अर्ज बंद झाले असं तिथे कुणी कुणाला सांगू शकत नव्हतं.

हे परवडणार कसं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि राज्य तेव्हा आजच्याहून गरीब होतं. त्याचं उत्तर 1975 साली दिलं गेलं: वृत्तीकर, म्हणजे आपला प्रोफेशनल टॅक्स. शहरातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, प्रत्येकानं थोडे पैसे द्यायचे आणि ते रोजगार हमीच्या निधीत जायचे. त्यात आणखी काही करांची भर, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाच्या पगारातून पैसे कापले जात आणि मराठवाड्यातल्या बाईच्या हातात मजुरी पडत असे. त्या योजनेत मजुरी उशिरा मिळाली, मस्टरवर खोटी नावं चढली, हे सगळं झालं. पण दार बंद झालं नाही, कारण दार उघडं ठेवायचा खर्च कोण देणार हे आधीच ठरलं होतं.

मी मामाला फोन लावते. पुण्यात एका कारखान्यात तो नोकरीला आहे.

"मामा, तुझ्या पगारातून प्रोफेशनल टॅक्स किती जातो रे?"

"दोनशे. फेब्रुवारीत तीनशे. का गं?"

"तो कशासाठी लागला होता, माहीत आहे?"

त्याला माहीत नाही. तीस वर्षं देतो आहे, कुणी कधी सांगितलेलं नाही. मी सांगते तेव्हा तो थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "अगं, हे आधी कळलं असतं तर कापलेल्या पैशांचं वाईट वाटलं नसतं."

आमच्या राज्यातही वृत्तीकर आहे. बाबांच्या पगारातून वर्षाला अडीच हजार जातात. मोठ्या कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या पगारातूनही अडीच हजारच जातात. ही कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे. 1988च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती अडीचशेची अडीच हजार झाली आणि आज सदतीस वर्षांनी तिथेच आहे. या सदतीस वर्षांत पगार कुठल्या कुठे गेले. गॅस, शाळेची फी, घरभाडं, औषधं, सगळं गेलं. ही एक रक्कम हलली नाही. राज्याला ती वाढवायची म्हटली तरी स्वतःहून वाढवता येत नाही, संसदेत जावं लागतं. आणि संसदेत जाऊन हे मागावं असं आमच्यापैकी कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

राज्याला परवडत नाही, असं आपण म्हणतो. ज्यांना द्यायला परवडेल त्यांच्याकडे राज्यानं मागितलेलंच नाही. त्यात माझे बाबा आहेत, पुण्याचा मामा आहे, उद्या नोकरी लागली की मी आहे. आम्हाला त्रास द्यायचा नाही म्हणून कर हलत नाही. आत असलेल्यांना दुखवायचं नाही म्हणून हप्ता वाढतो. आणि या दोन्हींची किंमत निळी फाइल घेऊन आलेली मुलगी देते, कारण तिला नाही म्हणायला पोर्टल बंद ठेवणं पुरतं. माझं मत आता ठरलं आहे. मावशींचे अडीचशे काढायचे नाहीत. सुनेसाठी दार उघडायचं. साठीनंतरची सहाशेची पेन्शन निदान या हप्त्याच्या बरोबरीला आणायची. आणि त्यासाठी माझ्यासारख्यांच्या पगारातून कापायचं, कशासाठी कापलं ते पगारपत्रकावर लिहून. प्रबंधिकेत मी हेच लिहिणार आहे.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतो आहे. मावशी घासताहेत. मी आत जाते आणि विचारते, "मावशी, पेन्शनसाठी बीपीएलच्या यादीत तुमचं नाव आहे ना? समग्रचं ई-केवायसी झालंय ना?"

"यादीत हाय. दुसरं झालं असल. कुणाला ठाऊक."

मी मोबाइल उघडून बघते. झालेलं नाही. नावातल्या एका अक्षराचा फरक आहे, आधारवर वेगळं आणि समग्रवर वेगळं. हे दुरुस्त व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतील. मार्चला चार महिने आहेत. आज हे दिसलं नसतं तर मार्चमध्ये पंधराशे थांबले असते आणि सहाशे सुरूच झाले नसते.

मावशी हात पुसत येतात. आजोबा टेबलावर कोरा कागद सरकवतात, पेन देतात आणि म्हणतात, "बसा. उद्या हिच्याबरोबर झोन ऑफिसला जाऊन या."

मावशी खुर्चीवर बसत नाहीत, जमिनीवर बसतात. मीही खाली बसते. नाव, नवऱ्याचं नाव, वॉर्ड, जन्मतारीख. आम्ही अर्ज लिहायला घेतो.

तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचं वय किती आहे, ते आज विचारा. अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल तर त्यांचं आधार, समग्र आयडी आणि बँकेचं पासबुक समोर घेऊन तिन्हींवरचं नाव अक्षर अक्षर लावून बघा. फरक असेल तर साठ पूर्ण व्हायच्या आत दुरुस्त करून द्या. दोन-तीन फेऱ्या लागतात. त्यांचा त्या दिवसांचा पगार कापू नका.